शिकण्याचे तास कुणाच्या खात्यावर?

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
नॅसकॉम, नोएडा



हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण हिंजवडी, मगरपट्टा आणि ऐरोलीत बसून तुमच्या सभासद कंपन्यांसाठी कोड लिहिणारे हजारो लोक ते आधी वाचतील. तुमच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. मी स्वतः कोलकात्यात असतो. सांगलीहून इथे आलो तेव्हा आज आयटीची वसाहत असलेल्या सेक्टर फाइव्हमध्ये मोकळे प्लॉट होते, पावसात चिखल असायचा आणि दुपारच्या जेवणाला टपरीवरची मोगलाई किंवा भात-माशाचं झोल यापलीकडे फारसा पर्याय नव्हता. २०२० मध्ये मेट्रो आली, काचेच्या इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या. माझा धंदा मात्र तोच राहिला. मी प्रोग्रॅम लिहितो.

सध्या आपल्या क्षेत्रातल्या कुठल्याही सभेत जा, एक उपदेश ठरलेला असतो: शिकत राहा, नाहीतर मागे पडाल. तो उपदेश मला मान्य आहे. या धंद्यात येऊन ज्याला शिकायचा कंटाळा आहे त्याने दुसरं काही तरी बघावं. मी विचारतो आहे ते वेगळंच: शिकायचं कधी? सकाळी साडेनऊला लॉगिन, अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरचा कॉल रात्री साडेआठला, मध्ये स्टँडअप, टिकिटं, रिव्ह्यू. टाइमशीटमधला प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टच्या नावावर. शिकण्याचा तास त्यात कुठेच बसत नाही. तो आमच्या झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, रविवारातून कापला जातो आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मात्र त्याचा हिशेब कंपनी मागते.

तुम्ही म्हणाल, क्षेत्रच असं आहे, इथे बदलाचा वेगच फार. या शहरात राहून मला हे पटत नाही. कोलकात्याच्या उत्तर सीमेवर, बी. टी. रोडवर, बरानगरला प्रशांतचंद्र महालनोबिस यांची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. १९५३ मध्ये तिथे समरेंद्रकुमार मित्र यांनी दहा चलांची समीकरणं सोडवणारा छोटा अ‍ॅनालॉग संगणक बांधला. १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-टूएम आला, तो देशातला पहिला डिजिटल संगणक. मग १९५९ च्या सुमारास सोव्हिएत रशियातला उरल चालू झाला. साठच्या दशकात आयबीएमचा १४०१ आला. आणि १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या जोडीने खुद्द इथेच बांधलेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा इसिजू-१. तेरा वर्षांत पाच यंत्रं. एकाचे आदेश दुसऱ्याला कळत नव्हते, निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले होते, इंग्रज, रशियन आणि अमेरिकन अशा तीन घराण्यांच्या तीन तऱ्हा होत्या. आज जावास्क्रिप्टचं एक फ्रेमवर्क जाऊन दुसरं आलं की आपल्याकडे भूकंप झाल्यासारखं बोलतात, म्हणून मुद्दाम आठवण करून दिली.

एचईसी-टूएमची सगळी स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती: १०२४ शब्द. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा स्टिकर त्याहून जास्त जागा खातो. की-बोर्ड नाही, पडदा नाही, कार्डांना भोकं पाडून माहिती आत द्यायची. ड्रमवर चालणाऱ्या त्या काळच्या यंत्रांत हवा तो आकडा वाचणाऱ्या डोक्याखाली फिरून कधी येईल याचंही भान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठेवावं लागे. यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय त्यावर काम करणंच शक्य नव्हतं. आणि काम तर समोर ढिगाने पडलेलं: १९५० मध्ये सुरू झालेल्या नॅशनल सँपल सर्व्हेचे आकडे, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे हिशेब. त्यामुळे शिकणं आणि काम करणं यांचे तास वेगळे काढायची गरजच पडली नाही. संस्थेच्या वेळेत, संस्थेच्या पगारावर, संस्थेच्या यंत्रावर माणसं शिकली.

ती सरकारी अनुदानाची संस्था होती, तिला ग्राहकाला बिल पाठवायचं नव्हतं, हे मला कळतं. सेक्टर फाइव्हचं बरानगर करा असं मी म्हणत नाही. पण बदलत्या यंत्राबरोबर चालायला लागणारा वेळ हा त्या कामाचाच भाग असतो, एवढं त्या संस्थेत कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

याच शहरात साठच्या दशकात दुसरंही नाटक झालं. आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यात संगणक बसवायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीला रात्रंदिवस पहारा दिला आणि यंत्र आत येऊ दिलं नाही. देशभरच्या अशा वादांतून केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. अहवाल १९७२ मध्ये आला. इलाको हाउसचा पहारा हा आज बंगालची टवाळी करायचा हुकमी विषय आहे. आमच्या कँटीनमध्येही तो निघतो, आणि हसणाऱ्यांत ज्यांचे वडील-काका त्या काळी विमा कंपनीत किंवा बँकेत होते असे बंगालीच जास्त असतात. मी त्या हसण्यात सामील होत नाही. यंत्र अडवून बंगालचं नुकसान झालं, हे खरं. बुद्धदेव भट्टाचार्य मुख्यमंत्री झाल्यावर डाव्या सरकारनेच मग लाल गालिचे अंथरून आयटी कंपन्यांना बोलावलं. पण कारकुनांच्या त्या पहाऱ्यामागे एक प्रश्न होता: यंत्राचा फायदा महामंडळाला होणार, मग ते शिकून घ्यायचा आणि त्याच्यापायी जागा गमावण्याचा भार एकट्या आमच्यावर का? या प्रश्नाचं उत्तर साठ वर्षांत कुणी दिलं असेल तर मला माहीत नाही. आता तोच प्रश्न आम्हाला, म्हणजे त्या यंत्रांच्याच कारकुनांना, पडला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. त्या आठवड्यात सेक्टर फाइव्हच्या चहाच्या टपऱ्यांवर फुटबॉलची चर्चा नव्हती, म्हणजे बघा.

आता थोडं जवळून दाखवतो. आमच्या टीममध्ये दोनेक वर्षांचा अनुभव असलेली एक मुलगी आहे, हुशार आणि झपाट्याने काम करणारी. तिच्याकडे एक साधं पान होतं: या महिन्यात नूतनीकरणाला आलेल्या विमा पॉलिसींची यादी, प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव. एआयच्या मदतीने तिने ते दुपारपर्यंत लिहून टाकलं. चाचणीच्या डेटाबेसमध्ये वीस-पंचवीस पॉलिसी, पान चुटकीसरशी उघडलं. प्रॉडक्शनमध्ये लाखोंनी पॉलिसी. तिथे ते पान फिरत बसलं आणि शेवटी मेलं. टिकिट आलं.

पहिलं कारण लवकर सापडलं. पॉलिसींची यादी एका क्वेरीत येत होती, पण प्रत्येक ग्राहकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी जात होती. वीस ओळींना वीस, पन्नास हजारांना पन्नास हजार. एका जॉइनमध्ये ते मिटलं. तरी पान मंदच. मग मी तिला क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहून चालवायला सांगितलं, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी सोडवणार आहे हे तोच सांगतो. उत्तर आलं: सीक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे गडी सगळा तक्ताच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. "पण तारखेवर इंडेक्स आहे ना, दादा?" तिने विचारलं. इंडेक्स होता. मात्र कोडमध्ये त्या स्तंभाला आधी एका फंक्शनमध्ये घालून महिना काढला होता आणि मग तुलना केली होती. इंडेक्समध्ये लावून ठेवलेल्या आहेत तारखा, विचारला जातोय महिना. डेटाबेस बिचारा काय करणार? अट उलटी लिहिली: तारीख एक तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत. पुन्हा 'एक्स्प्लेन': इंडेक्स स्कॅन. पान लगेच उघडलं.

इथे टिकिट संपलं. ती मात्र उठली नाही. असं का होतं, हे तिला समजून घ्यायचं होतं. मग कागद घेतला आणि बी-ट्री काढून दाखवलं. वरच्या खणात थोड्या तारखा, त्यांच्यामधून खाली जायच्या वाटा, प्रत्येक पायरीला बहुतेक सगळा डेटा बाजूला टाकत जाणं, लाखो नोंदींतून तीन-चार उड्यांत हव्या त्या पानावर पोहोचणं. पानं भरली की ती दुभंगतात कशी, म्हणून नोंद लिहिताना इंडेक्सचा खर्च कसा पडतो, म्हणून वाटेल त्या स्तंभावर इंडेक्स का टाकू नये. तासाभराहून जास्त गेला. बायर आणि मॅक्राइट यांचा बी-ट्रीवरचा लेख १९७२ मध्ये छापून आला, म्हणजे दांडेकरांच्या अहवालाच्याच वर्षी. तेव्हापासून भाषा किती आल्या आणि गेल्या, पण आजही तुमच्या-माझ्या बँकेचं, रेल्वेचं, विम्याचं निम्मं ओझं त्याच झाडावर आहे.

संध्याकाळी टाइमशीट भरताना तिने विचारलं, त्या तासाला काय लिहू? टिकिटाच्या नावावर तो लिहिता येत नव्हता, ग्राहकाने विचारलं असतं. 'ट्रेनिंग' हा कोड फक्त कंपनीने नेमलेल्या कोर्ससाठी. शेवटी तिने तो तास कशातच लिहिला नाही आणि रात्री तेवढी उशिरा बसली.

माझं सगळं म्हणणं त्या तासात आहे. त्या महिन्यात तिने केलेल्या कामातलं सर्वांत टिकाऊ काम तो तास होता, आणि तुमच्या उद्योगाच्या वहीत त्याला रकाना नाही.

वहीत रकाना आहे तो कशाला, तेही सांगतो. वर्षाला इतके 'लर्निंग अवर्स' भरले पाहिजेत असं फर्मान असतं. मार्च उजाडला की लोक व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून, आवाज बंद करून, बाजूच्या खिडकीत काम चालू ठेवतात. शेवटी दहा प्रश्न. कुठल्या क्लाउड कंपनीच्या कुठल्या सेवेचं नाव काय, छापाचे. उत्तरं टीमच्या ग्रुपवर आधीच फिरत असतात. प्रमाणपत्र मिळतं, ते प्रोफाइलवर चढतं, सेल्सवाले ते ग्राहकाला दाखवतात. दोन वर्षांनी त्या सेवेचं नाव बदलतं. शिकलं कुणीच नाही, पण आकडा वाढला. सरकारबरोबर तुम्ही फ्युचरस्किल्स प्राइम चालवता, त्यातले काही अभ्यासक्रम मी पाहिले आहेत, चांगले आहेत. पण अभ्यासक्रम चांगला असून भागत नाही. तो रात्री अकरानंतर बघणाऱ्याच्या डोळ्यावर झोप असते.

आणि हा रात्री अकराचा तास सगळ्यांना सारखा परवडत नाही. चोविशीतला मुलगा न्यू टाउनच्या पीजीत राहतो, त्याला कुणी विचारणारं नाही, तो वीकेंडला नवीन भाषा शिकून सोमवारी येतो. माझी एक सहकारी बेहालाला राहते. कॅबने घरी पोहोचायला आठ वाजतात, मग मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, दुसऱ्या दिवशीचा डबा. अप्रेझलमध्ये पीजीतल्या मुलाला शिकण्याच्या उत्साहाबद्दल जास्त गुण आणि तिला 'अजून अपेक्षा आहे' असा शेरा. नूतनीकरणाच्या त्या सबंध यंत्रणेत कुठे काय दडलंय हे कंपनीत फक्त तिला माहीत आहे, ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसली नाही.

कॉलेज स्ट्रीटला जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर मी अजूनही रेंगाळतो. तिथे व्हिज्युअल बेसिक ६ ची जाडजूड पुस्तकं आता किलोच्या भावाने पडलेली असतात. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पातळ पुस्तक मात्र स्टॉलवाला आतून काढून देतो आणि घासाघीस करू देत नाही. ते १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. आपल्या क्षेत्रात काय वेगाने बदलतं आणि काय सावकाश, याचा इतका रोकडा अंदाज मला दुसरीकडे मिळालेला नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा पॉवरबिल्डर येणाऱ्याला मागणी होती. ते शिकलो, ते गेलं. त्याच्या पोटात एसक्यूएल होतं, ते राहिलं. युनिक्सचं राहिलं, नेटवर्कचं राहिलं, दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच नोंदीला हात लावतात तेव्हा काय होतं हे राहिलं. वरचं शिकायला आठवडा पुरतो, आणि आता एआय हाताशी असल्यावर तेवढाही लागत नाही. खालचं शिकायला निवांत वेळ, अडलेलं खरं काम आणि शेजारी विचारायला कुणीतरी लागतं. बाजारात विकलं जातं ते वरचं.

उद्योगाला शिकवता येत नाही असंही नाही. इन्फोसिसचं मैसूरचं आवार बघा, टीसीएसचं तिरुवनंतपुरमचं केंद्र बघा. कॉलेजातून आलेल्या पोरांना पगार देऊन, राहायला खोली देऊन शिकवायची पद्धत भारतीय आयटीने घालून दिली आणि जगाने तिचं कौतुक केलं. तेव्हा शिकणं हे काम मानलं गेलं. मग नोकरीचे पहिले काही महिने सरले की पुढची तीस वर्षं ते माणसाचं खासगी प्रकरण कसं होतं, हे कोडं मला उलगडलेलं नाही.

हे बोललं की एक उत्तर हमखास मिळतं: शिकवलं की लोक सोडून जातात. जातात, खरं आहे. पण न शिकवल्यामुळे थांबतात, असं निदान मी तरी पाहिलेलं नाही. उलट पीटर नाऊर या डॅनिश संगणकतज्ज्ञाने १९८५ च्या एका निबंधात मांडलेलं मला रोज दिसतं. त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता कोड नव्हे. तो का असा आहे, जगातल्या कुठल्या गोष्टीशी त्याचा कुठला भाग जोडलेला आहे, याची जी समज तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असते, ती खरा प्रोग्रॅम. टीम विखुरली की प्रोग्रॅम चालत राहिला तरी मेल्यात जमा, आणि कागदपत्रं वाचून तो पुन्हा जिवंत करता येत नाही. बेहालाची माझी सहकारी उद्या गेली तर काय होईल, याचा हिशेब कुठल्या एक्सेलमध्ये आहे?

आमच्या बाजूलाही दोष आहेत. एका फ्रेमवर्कवर दहा-बारा वर्षं बूड टेकवून बसलेले, नव्याला विचारू न देणारे, रिव्ह्यूत नुसतं 'ओके' लिहिणारे लोक प्रत्येक मजल्यावर सापडतील. त्यांना वेळ दिला तरी ते शिकतील याची हमी मी देत नाही. पण त्यांच्याकडे बोट दाखवून त्या मुलीचा तास नाकारता येणार नाही.

तर मागणं असं. एआयमुळे काम कमी तासांत होईल असं तुमच्या सभासद कंपन्या आज ग्राहकांना सांगत आहेत, आणि ग्राहक त्या हिशेबाने दर पाडून मागत आहेत. वाचलेले तास कुणाचे, हे आत्ताच ठरतं आहे, आणि ठरवणाऱ्यांत आम्ही नाही. कोड यंत्र लिहिणार असेल तर तो वाचून चुकीचा आहे की बरोबर हे सांगणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त कळावं लागेल, कमी नाही. तेव्हा वाचलेल्या तासांतला काही भाग कामाच्या दिवसातच, टाइमशीटवर स्वतःच्या कोडखाली, शिकण्यासाठी राखून ठेवावा आणि तो ग्राहकाच्या दरात उघडपणे धरावा. एकटी कंपनी हे करायला गेली तर निविदेत मार खाईल, म्हणून कंपन्यांना नव्हे तर तुम्हाला लिहितो आहे. सगळ्यांनी मिळून कराराच्या नमुन्यात एक कलम घालण्याचं काम उद्योगाची संघटनाच करू शकते. आणि त्या तासांत काय शिकायचं ते टीमला ठरवू द्या. अडलेल्या टिकिटापाशी बसून शिकलेलं त्यात धरा. प्रमाणपत्रांची मोजदाद बंद करा.

फेब्रुवारीत मुंबईत तुमचं वार्षिक नेतृत्व संमेलन भरतं. व्यासपीठावर मुख्य कार्यकारी अधिकारी, मंत्री, सल्लागार असतात आणि रीस्किलिंगवर एखादं तरी सत्र असतंच. या वेळी त्या सत्रात वीस वर्षं रोज कोड लिहिणारं एक माणूस बसवा, सूत्रसंचालनाला नव्हे, बोलायला. मी नको. बेहालाच्या माझ्या सहकारीला बोलवा. तिला दोन दिवसांची रजा मात्र तिच्या खात्यातून नव्हे, कामाच्या दिवसांतून मिळेल असं आधी तिच्या मॅनेजरला कळवावं लागेल.

आपला,
एक प्रोग्रॅमर
न्यू टाउन, कोलकाता